पाय पेडलला अडकवायचा की मोकळा ठेवायचा?

पेडल आणि क्लीटबद्दल बरेच प्रश्न आले आहेत. क्लीट म्हणजे सायकलच्या बुटाच्या तळाला बोल्टने बसवायचा, पेडलमध्ये अडकणारा तुकडा. सारखे प्रश्न एकत्र करून उत्तरं देतो.

नवी रोड बाईक घेतली. ग्रुपमधले म्हणतात, क्लीटशिवाय पन्हाळा चढलास तर निम्मी ताकद वाया जाते. खरं आहे का? (राजारामपुरी)

निम्मी? मग हँडलला किटल्या अडकवून पायात चपला घालून खेड्यांतून गंगावेशीत दूध घालायला येणाऱ्यांनी कोल्हापूर गाठलंच नसतं.

समज असा आहे की एक पाय दाबतो तेव्हा दुसऱ्याने पेडल वर ओढता येतं आणि ती ताकद जादाची मिळते. पेडलला सेन्सर लावून मोजलं तेव्हा वेगळं दिसलं. एका लयीत चालवताना मुरलेले सायकलपटूसुद्धा पेडल फारसं ओढत नाहीत. वर येणाऱ्या पायाचं ओझं दुसऱ्या पायावर पडू नये इतपत तो उचलतात, बस्स. मुद्दाम ओढायला सांगितलं तर तेवढ्याच कामाला ऑक्सिजन उलट जास्त लागतो.

क्लीटचा खरा फायदा म्हणजे पाय जागेवर राहतो. कॅडेन्स (मिनिटाला पेडलच्या फेऱ्या) ९०-१०० च्या घरात गेली, उभं राहून जोर लावला, खड्ड्यात चाक आपटलं किंवा पावसात सोल ओला झाला, तरी चवडा पेडलवरून हलत नाही. स्प्रिंटमध्ये हा फरक लगेच जाणवतो. वाघबीळवरून पन्हाळ्याकडे वर वळल्यावर तुम्ही ६०-६५ च्या कॅडेन्सने रेटत असणार, तिथे चांगलं फ्लॅट (क्लीट न लागणारं, सपाट) पेडल काही कमी पडत नाही. मात्र 'चांगलं' म्हणजे सायकलबरोबर येतं ते गुळगुळीत प्लास्टिकचं नव्हे. ते आधी बदला. रुंद, वर बारीक पिना असलेलं घ्या आणि मऊ जॉगिंग शूजऐवजी जरा कडक, सपाट सोलचे बूट वापरा. सोल वाकला की दाब पेडलवर जायच्या आधी बुटातच जिरतो.

वय ४८. पहाटे विद्यापीठाच्या बाजूला फिरते, पण येताना ताराराणी चौक लागतो. सिग्नलला पाय अडकून चारचौघांत पडेन अशी भीती वाटते. (रुईकर कॉलनी)

ताई, क्लीट वापरणारे बहुतेकजण एकदा तरी असे आडवे झालेले असतात, आणि तेही सायकल थांबलेली असताना. गडबड अशी होते की घाबरलं की पाय आपोआप वर ओढला जातो, आणि क्लीट वर ओढल्याने सुटत नाही. टाच बाहेरच्या बाजूला फिरवली की सुटते. ही एकच हालचाल अंगवळणी पाडायची आहे.

घरी भिंतीला हात लावून सायकलवर बसा. पाय पुढे सरकवून चवडा दाबा, 'टक्' आवाज येईल. मग टाच बाहेर. दोन्ही पायांनी, कंटाळा येईपर्यंत. नंतर गवताच्या मैदानावर संथ चालवत तेच करा. पेडलवरचा स्प्रिंगचा स्क्रू सुरुवातीला पूर्ण सैल ठेवा. दुकानात शिमानो कंपनीचे एसएच-५६ क्लीट मागा. ते टाच फिरवण्याखेरीज इतर दिशांना झटका दिला तरी सुटतात. नेहमीचे एसएच-५१ टाच फिरवल्यावरच सुटतात.

चौकात शिरायच्या बरंच आधी, चाक फिरत असतानाच, डावा पाय मोकळा करा आणि सायकल जराशी डावीकडे कलती ठेवा. सायकल उजवीकडे झुकली आणि सुटलेला पाय डावा असला, की मग पडणं टळत नाही.

आणि स्पष्ट सांगायचं तर रोजची फेरी दहा-पंधरा किलोमीटरची आणि त्यात चार सिग्नल असतील, तर तुम्हाला क्लीटची गरज नाही. कुणी आग्रह केला म्हणून घेऊ नका.

पुढच्या हंगामात २०० किलोमीटरची बीआरएम (ठरलेल्या वेळेत पुरी करायची लांब पल्ल्याची सायकलफेरी) करायची आहे. दोन बोल्टचे क्लीट घ्यावेत की तीन बोल्टचे? (कागल)

दोन बोल्टचे. रोड बाईकवर ते शोभत नाहीत म्हणणारे भेटतील, त्यांना म्हणू द्या.

क्लिपलेस पेडल, म्हणजे क्लीट अडकतो ते, रोड रेसिंगमध्ये रुळलं ते लूक या कंपनीमुळे. त्यांचं पेडल १९८४ मध्ये आलं आणि १९८५ ची टूर द फ्रान्स शर्यत सायकलपटू बर्नार्ड इनोने त्यावर जिंकली. आजच्या तीन बोल्टच्या पेडलांचं घराणं तेच. मोठा प्लास्टिकचा क्लीट, रुंद आधार, आणि पायी चालायचं नाही हे गृहीत. दोन बोल्टची ती शिमानोची एसपीडी पेडलं, १९९० ची, माउंटन बाईकसाठी केलेली. लोखंडी क्लीट छोटा, बुटाच्या सोलमध्ये आत बसणारा.

आता तुमचा दिवस बघा. २०० किलोमीटरला साडेतेरा तास मिळतात. त्यात कंट्रोलवर (वाटेतल्या नोंदीच्या थांब्यांवर) उतरणं, चहा, मिसळ, पंक्चर, झाडामागे जाणं हे सगळं आलं. तीन बोल्टच्या बुटांत हॉटेलच्या ओल्या फरशीवर बदकासारखं चालावं लागतं, आणि प्लास्टिक झिजतं ते वेगळंच. त्यातून आपल्याकडचा हंगाम उसाचा. शेतातून डांबरीवर येणाऱ्या ट्रॅक्टरच्या चाकांचा काळा चिखल आणि पाचट रस्त्यावर पसरतं. त्यात एकदा पाय टेकला की तीन बोल्टच्या क्लीटवर मातीचा थर बसतो आणि तो पेडलमध्ये शिरतच नाही. एसपीडीचं पेडल चिखल गृहीत धरूनच बनवलंय, शिवाय क्लीट त्यात दोन्ही बाजूंनी लागतो. गगनबावड्याच्या घाटात चढावर थांबून पुन्हा निघताना पेडलची सुलटी बाजू शोधत बसावी लागत नाही.

क्लीटचे बोल्ट निघायच्या आदल्या दिवशी ४ मिमीच्या ॲलन कीने तपासा. एक बोल्ट गळून पडला तर बूट फिरतो, पण क्लीट पेडलमध्येच राहतो आणि पाय काही केल्या सुटत नाही. तसं झालंच तर बुटाची पट्टी सोडून पाय बाहेर काढा.

क्लीट लावल्यापासून उजवा गुडघा बाहेरच्या बाजूला दुखतो. सायकलवाला म्हणतो सवय होईल. (इचलकरंजी)

सवय पाय काढायची होते, दुखण्याची करून घेऊ नका. बहुतेक क्लीट तिरका बसलाय. टेबलाच्या कडेवर बसून पाय लोंबते सोडा आणि पावलं कुठे बघतात ते पाहा. ज्याचं पाऊल मुळात बाहेर वळतं, त्याला क्लीटने सरळ जखडलं की प्रत्येक फेरीत गुडघा पिळला जातो. क्लीटची जुनी जागा पेनाने आखून घ्या आणि एका वेळी एक-दोन मिलिमीटरच सरकवा. पुढे-मागे बघाल तर चवड्याच्या हाडाखाली किंवा किंचित मागे.

तीन बोल्टचे शिमानो असतील तर रंग बघा: पिवळ्यात पाय ६ अंश हलतो, निळ्यात २, लाल पक्का जखडतो. लाल असेल तर आजच काढा. पेडल आणि बूट बदलल्याने सीटची उंचीही कमीजास्त झालेली असते, तीही मोजा. एवढं करून आठवड्याभरात दुखणं उतरलं नाही, तर हाडांच्या डॉक्टरांना दाखवा.

एका बाजूला फ्लॅट आणि दुसऱ्या बाजूला एसपीडी असं पेडल कसं? (शाहूपुरी)

आठवडाभर ऑफिस आणि रविवारी पन्हाळा असेल तर छान. फक्त हवी ती बाजू नेमकी कधीच वर नसते.

डावं पेडल निघता निघत नाही. पान्याला पाइप लावून जोर केला. (गांधीनगर)

पाइप बाजूला ठेवा, तुम्ही ते आवळताय. डाव्या पेडलचे आटे उलटे असतात. १५ चा पाना लावून दांडा वर येईल असा धरा आणि मागच्या चाकाकडे फिरवा, दोन्ही पेडलं अशीच सुटतात. साखळी आधी मोठ्या चकतीवर घ्या, म्हणजे पाना निसटला तर बोटं दातांवर जाणार नाहीत. नवीन बसवताना आट्यांना ग्रीस लावा आणि पहिले दोन-तीन फेरे हातानेच फिरवा.