चिनी भाषकांना इंग्रजीतले तिसरे रूप शिकवताना

प्रश्न : मी सिंगापूरमध्ये चिनी मातृभाषा असलेल्या प्रौढांना इंग्रजी शिकवते. 'ईट-एट-ईटन', 'गो-वेन्ट-गॉन' हा तक्ता त्यांना तोंडपाठ आहे, तरीही बोलताना 'आय हॅव एट', 'आय हॅव वेन्ट' असेच येते. असे का होते?

उत्तर : चिनी क्रियापद काळानुसार रूप बदलत नाही. 'खाणे' या अर्थाचे मँडरिनमधले 'छ्र' काल, आज आणि उद्याही 'छ्र'च राहते. खाऊन झाले हे सांगायला त्याच्यापुढे 'ल' येतो, आणि पूर्वी कधीतरी खाल्ले आहे हे सांगायला 'ग्वो'. त्यामुळे 'हॅव' म्हणजे इंग्रजीतला 'ग्वो' अशी विद्यार्थ्याची समजूत होते, तो उच्चारला की काळाचे काम संपले असे त्याला वाटते, आणि मग क्रियापदाचे जे रूप आधी आठवेल ते तो पुढे ठेवून देतो. 'आय हॅव वेन्ट' आपली मुलेही म्हणतात, पण त्यामागचे कारण वेगळे असते : मराठीत रूप बदलते खरे, मात्र 'मी गेलो' आणि 'मी गेलो आहे' या दोन्हींत 'गेलो' एकच असते. म्हणून आपल्या मुलांना पटलेले स्पष्टीकरण तिथे उपयोगी पडणार नाही. तक्ता काही दिवस मिटून ठेवा आणि 'हॅव ईटन', 'हॅव गॉन', 'हॅव सीन' या जोड्या एकच शब्द असल्याप्रमाणे म्हणून घ्या. तिसरे रूप विद्यार्थ्याला सुटे भेटताच कामा नये.

प्रश्न : माझा विद्यार्थी समोर बसून 'आय हॅव गॉन टू बीजिंग' म्हणतो. रूप तर बरोबर आहे ना?

उत्तर : रूप बरोबर, अर्थ चुकीचा. 'गॉन' म्हटले की माणूस अजून तिकडेच आहे. जाऊन परत आलेल्याने 'बीन' म्हणावे. चिनीत या अनुभवाला 'छ्यू-ग्वो' म्हणतात आणि त्यातला 'छ्यू' म्हणजे 'जाणे', त्यामुळे 'बीन' त्याला सुचणे अवघडच. रिकाम्या खुर्चीकडे बोट दाखवून 'ही हॅज गॉन' आणि परत आलेल्याकडे दाखवून 'ही हॅज बीन' असे म्हणून घेतले, तर नियम सांगावा लागत नाही.

प्रश्न : 'बिल्ट', 'केप्ट' बरोबर लिहितात, पण 'बिल', 'केप' असे बोलतात.

उत्तर : ही व्याकरणाची चूक नाही, तिला गुण कापू नका. मँडरिनमध्ये अक्षराच्या शेवटी 'ट' किंवा 'प' येतच नाही. पुढे स्वराने सुरू होणारा शब्द द्या : 'केप्ट इट' म्हणताना तो 'ट' पुढच्या अक्षराला चिकटतो आणि आपोआप ऐकू येतो.