मूडलवर पहिली चाचणी लावताना

मूडल या ऑनलाइन शिक्षणाच्या प्रणालीवर सगळ्यात जास्त गोंधळ चाचणी बंद होण्याच्या वेळेवरून होतो. चाचणी ३० मिनिटांची, १० ते १०:३० खुली ठेवली, तर १०:२० ला बसलेल्या मुलाला दहाच मिनिटं मिळतात. ठाणे-वाशी लोकल रखडली की अर्धा वर्ग असाच उशिरा येतो. म्हणून खिडकी, म्हणजे चाचणी खुली राहण्याची वेळ, १०:५० पर्यंत ठेवा. वेळ मर्यादा ३० मिनिटंच राहू द्या.

‘वेळ संपल्यावर’ या पर्यायात उत्तरं आपोआप सादर होतील असंच निवडा, नाहीतर बटण न दाबलेल्यांची उत्तरं अडकतात आणि मग तुमचा फोन थांबत नाही. एका पानावर पाच प्रश्न पुरेत: पान बदललं की उत्तरं साठवली जातात, शिवाय मूळ सेटिंगमध्ये मिनिटाभराने आपोआपही. सगळे प्रश्न एकाच पानावर नकोत, कमजोर नेटवर ते उघडायलाच वेळ लागतो.

दोन-तीन तुकड्या एकदम बसणार असतील तर गटवार ओव्हरराइड (त्या गटापुरती वेगळी वेळ) देऊन सुरुवात दहा-दहा मिनिटं पुढे-मागे करा. सर्व्हरवर ताण सुरुवातीच्या क्षणी येतो. लेखनिक घेणाऱ्या विद्यार्थ्याचा जादा वेळही तिथेच, त्याच्या नावाने. हे आदल्या दिवशीच करा. आणि तपासणी मोबाइलवर, विद्यार्थ्याच्या खात्यातून. शिक्षकाच्या पूर्वावलोकनात गटाचे निर्बंध नीट कळत नाहीत.