मारका बैल आणि अर्धी चादर

प्रश्न : मामांनी सिद्धेश्वर यात्रेच्या जनावरांच्या बाजारातनं बैल घेतला, पैसे रोख मोजले आणि चौथ्याच दिवशी त्यानं गड्याला शिंगावर घेतलं. परत द्यायला गेलो तर विकणारा म्हणतोय, मी बैल विकला, स्वभाव नाही विकला. मामा म्हणतात दहातले नऊ जण बैल औतालाच घेतात, हे शेंबड्या पोराला पण कळतं. कुठंतरी ऐकलं की ज्यूंच्या तालमूदमध्ये, म्हणजे त्यांच्या धर्मकायद्याच्या जुन्या ग्रंथात, डिट्टो हीच केस आहे आणि तिथं म्हणे बहुमत चालत नाही! असं कसं ओ?
– एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : डिट्टोच आहे, फक्त तिसऱ्या शतकातली आणि बाबिलोनची, म्हणजे आताच्या इराकातली. बैल घेतला, निघाला मारका. राव नावाचे पंडित म्हणाले सौदा रद्द, कारण बहुतेक लोक नांगरालाच घेतात, म्हणजे तुमच्या मामांचीच बाजू. शमुएल नावाचे दुसरे पंडित म्हणाले थांबा, विकणारा म्हणू शकतो की मी कापायला दिला होता, आणि कापायच्या बैलाला मारका असला काय नि गरीब असला काय. आता तुम्ही म्हणाल किंमत बघा ना सरळ, नांगराचा बैल महागच असणार. तालमूद पण लगेच हेच विचारतं! उत्तर असं की तेव्हा मांसच एवढं महागलं होतं की दोन्हीचा भाव सारखा झाला, आणि घेणारा पण दोन्ही कामांना बैल घेणाराच होता. म्हणजे ज्यातनं अंदाज लागला असता ते सगळं आधी काढून टाकलं आणि मग भांडले, मला तर हे फार आवडतं.

शेवटी शमुएलचं धरलं गेलं. बहुमत तुम्हाला बाजार कसा चालतो ते सांगतं, पण त्या दिवशी त्या दोघांत काय ठरलं ते नाही सांगत. पैसे विकणाऱ्याच्या खिशात गेलेत, ते ज्याला बाहेर काढायचेत त्यानं पुरावा आणायचा, नुसतं 'बहुतेक लोक' म्हणून दुसऱ्याच्या खिशात हात घालता येत नाही. पैसे द्यायचे राहिले असते तर तोच नियम उलटा मामांच्या कामाला आला असता, रोख मोजले तिथंच घोळ झाला.

पण बहुमताला किंमतच नाही असं पण नाही हं. दहा दुकानांपैकी नऊ धर्माला चालणारं मांस विकतात आणि एक न चालणारं, तर रस्त्यात सापडलेला तुकडा नऊवाल्यांचा धरतात. (स्वतः विकत घेऊन दुकान विसरलात तर मात्र शक्यता अर्धी-अर्धी धरतात, म्हणजे खायचं नाही.) आणि तीन न्यायाधीशांत दोघं एका बाजूला असले की पैशाच्या दाव्यात सुद्धा दोघांचंच चालतं. मग तिथं बहुमत कसं चालतं, हे तालमूदवर पुढं भाष्य लिहिणाऱ्यांनी विचारलंच, तर म्हणे निकाल लागला की तिसरा न्यायाधीश जणू नव्हताच.

तालमूदमधल्याच सुम्खोस म्हणून एका पंडिताचं वेगळंच होतं, संशय असेल तर वाटून टाका. वाटणी खरी बघायची तर चादरीची गोष्ट बघा, तालमूदमध्ये ते अंगावरचं वस्त्र आहे पण आपल्या चाटी गल्लीत, कापडबाजारात आणून बघा. दोघांनी दोन टोकं धरलीत, दोघं म्हणतात सगळी माझी. इथं ताबा दोघांचाही, म्हणून अर्धी-अर्धी, पण आधी शपथ. शपथ 'सगळी माझी' अशी नाही, कारण मिळणार अर्धीच, आणि 'अर्धी माझी' अशी पण नाही, कारण मग स्वतःचंच बोलणं खोडल्यासारखं होतं. म्हणून 'यात माझा वाटा अर्ध्याहून कमी नाही' अशी घ्यायची! आणि एक जण सगळी म्हणतोय, दुसरा अर्धीच म्हणतोय तर पहिल्याला पाऊण, दुसऱ्याला पाव, कारण भांडण फक्त अर्धीचंच आहे.

आता मामांना एवढंच विचारा, रुमालाखाली बोटं धरून भाव ठरला असेल, पण 'औताला पाहिजे' असं तोंडानं बोलले होते का आणि ते ऐकायला शेजारी कोण होतं. बोलले असतील आणि साक्षीदार असेल तर राव काय नि शमुएल काय, दोघंही मामांच्याच बाजूला, संशयच कुठं उरला. तसं पण शमुएलचा विकणारा आपल्याकडं टिकणार नाही, महाराष्ट्रात २०१५ पासून बैल कापायला बंदी आहे, 'कापायला दिला होता' म्हणाला तर दुसऱ्याच केसमध्ये अडकेल.