क्रूझवरचं ड्रिंक पॅकेज घ्यावं का नाही?

प्रश्न : ताई नमस्कार, मी मनीषनगरची. डिसेंबरमध्ये आमच्या लग्नाला २५ वर्षं होतात म्हणून सिंगापूरहून ४ रात्रींची क्रूझ बुक केली, पेनांग, फुकेत आणि परत सिंगापूर. एका खोलीत आम्ही दोघं आणि १९ वर्षांचा मुलगा, दुसरीत सासूबाई आणि नणंद. आता एजंट मागे लागून राहिला का ड्रिंक पॅकेज आत्ताच घेऊन टाका, रोजचे माणशी ७० डॉलर, मग जहाजावर काही बघायचंच नाही, हवं तेवढं प्या. आमचे हे संध्याकाळी दोन-तीन बिअर घेतात, बस. मी घेत नाही, मला मॉकटेल आणि चांगली कॉफी आवडते. ह्यांचं म्हणणं एवढा खर्च केलाच आहे तर हे पण घेऊन टाकू, पंचवीस वर्षांतून एकदा जाऊन राहिलो. तुम्ही सांगा जी, वसूल होते का?

उत्तर : आधी पंचवीस वर्षांच्या संसाराच्या खूप खूप शुभेच्छा! आणि सरळच सांगते, तुमच्या घरासाठी हे पॅकेज वसूल होत नाही, जवळपाससुद्धा जात नाही.

एजंटने ७० डॉलर सांगितले पण त्यावर टीप लागते ते सांगितलं का? बहुतेक मोठ्या कंपन्या पॅकेजवर १८ ते २० टक्के टीप आपोआप लावतात. म्हणजे १८ धरले तरी ७० चे ८२ डॉलर ६० सेंट झाले, रोज, प्रत्येकी. चार दिवसांचे ३३० च्या वर. आणि आता खरी गोम ऐका. रॉयल कॅरिबियनसारख्या कंपन्यांचा नियम असा आहे की एका खोलीतल्या एकाने दारूचं पॅकेज घेतलं तर त्या खोलीतल्या पिण्याच्या वयाच्या सगळ्यांना घ्यावं लागतं. का, तर एकाच्या पॅकेजवर दोघांनी पिऊ नये म्हणून. म्हणजे तुम्ही थेंब घेत नसलात तरी तुमचे पूर्ण पैसे. आणि मुलगा १९ चा म्हणालात ना, अमेरिकेतून निघणाऱ्या जहाजावर पिण्याचं वय २१ असतं पण रॉयल कॅरिबियनच्या आशियातल्या जहाजांवर १८, म्हणजे तुमच्या खोलीत तोही मोजला जाईल. तिघांचे झाले ९९१ डॉलर. डॉलर ९० रुपयांचा धरला तर ८९ हजार रुपये बाप्पा, आणि पिणारा माणूस एक! मुलाला आजीच्या खोलीत टाकलं तरी तुम्हा दोघांचे साडेएकोणसाठ हजार होतातच.

आता दुसऱ्या बाजूने बघा. बिअर ९ डॉलरची धरू, टीप धरून साडेदहाच्या वर जाते. ह्यांच्या तीन बिअर, तुमची दोन मॉकटेल सात-सात डॉलरची आणि एक ५ डॉलरची कॉफी, सगळ्याला टीप लावून रोजचे ५४ डॉलर. चार दिवसांचे २१७, म्हणजे साडेएकोणीस हजार. कुठे साडेएकोणीस आणि कुठे साडेएकोणसाठ! तुमचं पॅकेज वसूल व्हायला ह्यांना एकट्याला रोज तेरा-चौदा बिअर घ्याव्या लागतील, वरून तुमची मॉकटेल आणि कॉफी वेगळी. असं कोणी करावं असं मला अजिबात वाटत नाही.

शिवाय जहाजावर तुम्ही असणार किती वेळ ते बघा. पहिल्या दिवशी दुपारी चढता, शेवटच्या दिवशी सकाळी नाश्ता करून उतरता. पेनांग आणि फुकेतच्या दिवशी तुम्ही दिवसभर बाहेर, तिथे शहाळं प्या का चहा, पॅकेज किनाऱ्यावर चालत नाही. पण पैसे मात्र चारही दिवसांचे पूर्ण. पूर्ण दिवस समुद्रावर असा तुम्हाला एखादाच मिळेल. म्हणून मी नेहमी म्हणते की पॅकेजचा हिशोब रात्रींवर करू नका, आपण जहाजावर जागे किती तास आहोत त्यावर करा.

फुकट काय मिळतं हेही एजंट सांगत नाहीत. बुफेमध्ये साधं पाणी, चहा, साधी कॉफी, लेमोनेड, सकाळचा ज्यूस हे सगळं तिकिटातच असतं. सासूबाईंना तेवढं पुरेल. पैसे लागतात ते बाटलीच्या पाण्याला, कोल्ड्रिंकला, लाटे-कॅपुचिनोला आणि ताज्या पिळलेल्या संत्र्याच्या रसाला (आपल्या नागपूरच्या माणसाला संत्र्याच्या रसाचे डॉलर द्यायला जड जातं, पण पद्धत तशी आहे). पाण्याची रिकामी बाटली घरून न्या आणि बुफेतून भरून घ्या. आणि वाइन चालत असेल तर बऱ्याच कंपन्या चढायच्या दिवशी मोठ्या माणसामागे ७५० मिलीची एक बाटली आणू देतात, तुमच्या कंपनीचा नियम तिकिटाच्या कागदात बघून घ्या. बंदरावर घेतलेली दारू मात्र जहाजावर चढताना ठेवून घेतात आणि शेवटी परत देतात.

ह्यांचं म्हणणं मला समजतं, पंचवीस वर्षांतून एकदा जातोय तर हात आखडता कशाला. पण मी स्वतः हे भोगलंय म्हणून पोटतिडकीने लिहून राहिली. आमच्या पहिल्या क्रूझला आम्ही दोघांनी पॅकेज घेतलं होतं. पहिला दिवस मजेत गेला. दुसऱ्या दिवशी दुपारी आमचे हे डायनिंग हॉलमध्ये पेपर नॅपकिनवर पेनाने रेघा मारत बसले, किती ग्लास झाले आणि पैसे वसूल व्हायला किती उरले. मी म्हटलं अहो सोडा ना, तर म्हणाले पैसे भरलेत आपण. तिसऱ्या रात्री पैसे वसूल करायच्या नादात जेवढं रोज कधीच घेत नाहीत तेवढं घेतलं, त्यात बीपीचा त्रास, पहाटे चारला मी त्यांना धरून जहाजाच्या दवाखान्यात नेलं. तिथलं बिल वेगळं, कारण जहाजावरचा डॉक्टर फुकट नसतो. दुसऱ्या दिवशी सगळे बेटावर गेले आणि आम्ही दोघं खोलीत, ते झोपलेले आणि मी त्या गोल खिडकीतून लांबूनच किनारा बघत बसलेली. तो दिवस मला आजही आठवतो. पॅकेज नसतं तर ते दोन ग्लासांवर उठले असते, हे मला पक्कं माहीत आहे.

तर तुम्ही पॅकेज घेऊ नका, वीस-बावीस हजार रुपये पिण्यासाठी वेगळे काढून ठेवा आणि ज्याला जे हवं ते मोकळ्या मनाने मागवा. सही करायच्या आधी बिलाची पावती मात्र नीट बघा. बऱ्याच जहाजांवर त्यात टीप आधीच लावलेली असते आणि खाली अजून टीप लिहायला रिकामी ओळ ठेवलेली असते, घाईत माणूस दोनदा देऊन बसतो. उरलेल्या पैशात फुकेतला चांगली बोट करा, तुमच्या लग्नाच्या वाढदिवसाला ते जास्त शोभेल.

प्रश्न : आमची मुलं ९ आणि १२ वर्षांची, दिवसभर कोल्ड्रिंक मागतात. सोडा पॅकेज घ्यावं का? — त्रिमूर्तीनगरहून एक बाबा

उत्तर : सोडा पॅकेज दिवसाला टीप धरून सोळा डॉलरच्या आसपास पडत असेल तर वसूल व्हायला एका मुलाने रोज चार कोल्ड्रिंक पिली पाहिजेत. रोज चार कोल्ड्रिंक मी तर माझ्या नातवाला देणार नाही. लेमोनेड फुकट आहे, तेच द्या, आणि रोज एक कोल्ड्रिंक विकत घेऊन द्या, मुलंही खूश.

प्रश्न : आम्ही तीन मित्र, सगळे तिशीतले, मायामीहून ३ रात्रींच्या क्रूझला जाऊन राहिलो, बहामाजमधलं नसाऊ आणि कोकोके. आम्ही तिघंही पिणारे. आम्हालाही नकोच म्हणाल का?

उत्तर : नाही, तुमचं गणित वेगळं आहे. एका खोलीत तिघंही पिणारे असाल आणि रोज पाच-सहा कॉकटेल होणारच असतील तर घ्या. १३-१४ डॉलरचं कॉकटेल टीप धरून सोळाच्या आसपास जातं, पॅकेज वरच्यासारखं ७० डॉलरचं धरलं तर पाचव्या-सहाव्या ग्लासाला पैसे निघतात. पण जहाजावर चढून घेऊ नका, कंपनीच्या वेबसाइटवर आधीच घ्या, तिथे बहुतेक वेळा स्वस्त असतं, आणि नंतर भाव उतरला तर निघायच्या आधी जुनं कॅन्सल करून नव्या भावात परत घेता येतं, दर आठवड्याला एकदा बघत जा. तुमचा अजून एक फायदा आहे, कोकोके हे रॉयल कॅरिबियनचं स्वतःचं बेट आहे म्हणून तिथे पॅकेज चालतं, म्हणजे तो दिवस वाया जात नाही. नसाऊला उतरलात की मात्र खिशातून.