पंप हाऊस की वीजघर? आधी आतलं यंत्र शोधा

नगरपालिकेच्या जुन्या विटांच्या इमारतीला काही जण पंप हाऊस म्हणतात, काही वीजघर. कोनशिलेवर फक्त वर्ष आहे आणि बांधकाम विभागात फाईल नाही, मग तिचा इतिहास कसा शोधायचा, असं तुम्ही विचारलंय. फाईल तिथे नसणं साहजिक आहे. असं बांधकाम बहुधा पाणी, सांडपाणी किंवा विजेच्या योजनेतलं एक काम असायचं, त्यामुळे कागद त्या योजनेच्या नावाने ठेवलेले असतात.

माझा सगळ्यात जास्त भरवसा कर्जाच्या कागदांवर आहे. एवढी योजना रोजच्या उत्पन्नातून होत नसे, कर्ज काढावं लागे, आणि त्याला बहुतेक ठिकाणी वरच्या सरकारची मंजुरी लागे. म्हणजे नगरपालिकेचं दप्तर वाळवीने खाल्लं असलं तरी अर्ज, अंदाजपत्रक आणि कधी कधी नकाशाही सरकारी अभिलेखागारात मिळू शकतो. सभांची इतिवृत्तं त्यानंतर वाचा, तीही कोनशिलेच्या आधीच्या पाच-सात वर्षांपासून. निविदा कुणाची मंजूर झाली, यंत्रं कुठून मागवली, काम का रखडलं, हे तिथेच कळतं.

इमारतही बरंच सांगते. उंच, अरुंद, दोन-तीन मजली आणि जाड भिंतींची असेल तर आत बीम इंजिन, म्हणजे मोठी आडवी तुळई वरखाली हलवून पंप चालवणारं वाफेचं इंजिन, असण्याची शक्यता मोठी. त्याच्या अजस्र तुळईचा भार भिंतीला किंवा खांबांना पेलावा लागे. धुराड्याचा पाया किंवा कोळशाची कोठी दिसली तर यंत्र बहुधा वाफेवर चालत असे. लांबरुंद दालन आणि वर क्रेनचे रूळ दोन्हीकडे आढळतात, पण जमिनीत केबलचे चर असतील तर वीजघराचा विचार करा. गर्डरवर उठवलेलं कारखान्याचं नावही टिपून ठेवा.

कोनशिलेचं वर्ष मात्र एकट्याने धरू नका. पायाभरणी, उद्घाटन आणि आजची यंत्रं यांची वर्षं वेगवेगळी असतात. लंडनचं क्रॉसनेस पंपिंग स्टेशन १८६५ साली सुरू झालं. त्याच्या मूळ चार बीम इंजिनांची रचना शतकाच्या अखेरीस पालटून ती ट्रिपल एक्सपान्शन, म्हणजे तीच वाफ एकापाठोपाठ तीन टप्प्यांत वापरणारी, करण्यात आली. आज ती पाहून १८६५ची यंत्रं जशीच्या तशी आहेत असं म्हटलं, तर चुकेल.

निवृत्त पंपचालकांनाही भेटा. पाळीची लॉगबुकं कुठल्या कपाटात आहेत ते त्यांना ठाऊक असतं. ती सापडली तर त्याच दिवशी फोटो काढा. इमारत रिकामी करताना आधी रद्दीत जातात ती हीच.