जर्मन संगीतकार बाखच्या पाचव्या ब्रांडेनबर्ग कॉन्चेर्टोत (एकल वाद्यं आणि साथीचा वाद्यवृंद यांच्यासाठीच्या रचनेत) बासरी, व्हायोलिन, हार्पसिकॉर्ड (पियानोच्या आधीचं, तारा छेडणारं पट्ट्यांचं वाद्य) अशी तीन एकल वाद्यं आहेत. मग हार्पसिकॉर्डच एवढा भाव का खातो?

कारण बाखनं तो तसाच रचलाय. त्या काळी हार्पसिकॉर्डचं काम सहसा मागे बसून चेलोबरोबर (व्हायोलिनच्या कुळातल्या खर्जाच्या वाद्याबरोबर) स्वरांचा आधार देण्याचं. इथंही सुरुवातीला तो तेच करतो. मग हळूहळू बासरी-व्हायोलिनच्या सवालजवाबात शिरतो, उजव्या हाताच्या ताना वेग घेतात, आणि पहिला भाग संपत आला की बाकीचे सगळे एकेक करून थांबतात. पुढे तब्बल ६५ बार (ठरावीक मात्रांचे तुकडे) तो एकटाच! आधीच्या आवृत्तीत ही जागा बरीच छोटी होती. १७२१ साली ब्रांडेनबर्गच्या सरदाराला अर्पण केलेल्या प्रतीत ती एवढी मोठी झाली. ही बाजू बाख स्वतःच वाजवत असावा असं बहुतेक अभ्यासक मानतात, आणि ऐकताना ते पटतं.

साथीच्या व्हायोलिनांसाठी नेहमी दोन वेगळ्या स्वरओळी लिहिलेल्या असतात, इथं एकच आहे, हेही लक्षात घ्या. दुसऱ्या भागात तर साथीची वाद्यं पूर्ण गप्प, फक्त तिघांचं बोलणं.

ऐकायला जुन्या पद्धतीच्या वाद्यांवरचं, मोजक्या वादकांचं ध्वनिमुद्रण निवडा. मोठ्या आधुनिक वाद्यवृंदात हार्पसिकॉर्डचा बारीक आवाज बुडून जातो.