पन्नास टक्के : करवीरचे आणि दिल्लीचे

प्रश्न : शाहू जयंतीनिमित्त झालेल्या एका व्याख्यानात वक्त्यांनी असे सांगितले, की सर्वोच्च न्यायालयाने आरक्षणावर घातलेली ५० टक्क्यांची मर्यादा मुळात राजर्षींच्या १९०२ च्या हुकमातूनच आली आहे. हे खरे मानावे काय? आणि तसे असेल, तर तमिळनाडूत ६९ टक्के आरक्षण कसे चालते?
– एक वाचक, शाहूपुरी, कोल्हापूर

उत्तर : आकडा तोच असला, तरी दोहोंचा एकमेकांशी संबंध जोडता येत नाही. महाराज विलायतेत असताना २६ जुलै १९०२ रोजी निघालेल्या हुकमात, यापुढे रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी ५० टक्के जागा मागासलेल्या वर्गांतील उमेदवारांनी भराव्यात, आणि ज्या कचेरीत या वर्गांचे प्रमाण निम्म्याहून कमी असेल तेथे पुढची नेमणूक त्यांच्यातूनच करावी, असे स्पष्ट बजावले होते. ब्राह्मण, प्रभू, शेणवी, पारशी व इतर पुढारलेले वर्ग सोडून बाकी सारे मागासलेले, अशी त्यातील व्याख्या होती. याचा अर्थ, निम्म्या जागांपर्यंत या समाजाला नेऊन पोहोचवणे हा त्या हुकमाचा हेतू होता. निम्म्यावर त्याला अडवणे हा नव्हे.

न्यायालयाचा आकडा वेगळ्या वाटेने आला. राज्यघटनेत तो कोठेही लिहिलेला नाही. म्हैसूर राज्याचे ६८ टक्के आरक्षण रद्द करताना १९६२ च्या बालाजी खटल्यात आरक्षण साधारणपणे ५० टक्क्यांहून कमी असावे असे म्हटले गेले, आणि १६ नोव्हेंबर १९९२ रोजी इंद्रा साहनी खटल्यात नऊ न्यायाधीशांच्या पीठाने, असाधारण परिस्थितीचा अपवाद ठेवून, ती मर्यादा पक्की केली. त्या निकालाने आधार घेतला तो घटना समितीतील डॉ. आंबेडकरांच्या ३० नोव्हेंबर १९४८ च्या भाषणाचा, ज्यात आरक्षण अल्पसंख्य, म्हणजे निम्म्याहून कमी, जागांपुरतेच असावे असे प्रतिपादन होते. माणगावच्या परिषदेत महाराजांनी ज्यांचे नेतृत्व जाहीरपणे गौरवले, त्यांच्याच शब्दांचा हा आधार, एवढाच काय तो करवीरशी धागा.

तमिळनाडूने आपला कायदा १९९४ मध्ये ७६ व्या घटनादुरुस्तीद्वारे घटनेच्या नवव्या परिशिष्टात, म्हणजे न्यायालयीन आव्हानापासून संरक्षण दिलेल्या कायद्यांच्या यादीत, घालून घेतला. मात्र २४ एप्रिल १९७३ नंतर त्या परिशिष्टात गेलेले कायदे घटनेच्या मूलभूत चौकटीच्या (संसदेलाही मोडता न येणाऱ्या तत्त्वांच्या) कसोटीवर तपासता येतात, असे न्यायालयाने २००७ मध्ये ठरवले असल्यामुळे, ते कवच वाटते तितके अभेद्य नाही.

महाराष्ट्रात आधीचे ५२, आर्थिक दुर्बलांचे १० आणि २०२४ च्या कायद्याने मराठा समाजाला दिलेले १० धरून बेरीज ७२ होते. आर्थिक दुर्बलांच्या आरक्षणाला २०२२ मध्ये तीन विरुद्ध दोन अशा बहुमताने मान्यता देताना, ही मर्यादा अगदीच ताठर नाही, असे बहुमताच्या निकालात म्हटले गेले. ती शिथिलता केवळ याच वर्गासाठी का, हा आक्षेप आमच्या मते रास्त आहे. परंतु मराठा आरक्षणाचा २०१८ चा कायदा ५ मे २०२१ रोजी रद्द झाला तो केवळ टक्केवारीवर नव्हे. राज्य मागासवर्ग आयोगाने गोळा केलेल्या नोकऱ्यांच्या आकडेवारीवरूनच या समाजाचे प्रतिनिधित्व अपुरे ठरत नाही, असा निष्कर्ष न्यायालयाने काढला होता. व्याख्यानांतून क्वचितच सांगितले जाणारे कलम येथे आठवते : १९०२ च्या हुकमाने प्रत्येक खातेप्रमुखाला नव्या नेमणुकांचे तिमाही पत्रक सादर करायला लावले होते. २०२४ च्या कायद्याची परीक्षाही मुख्यतः अशाच मोजणीवर होईल.